उपाशी गोधडी

“ही उपाशीच हाय बघ. हिच्यात घास घालायचा राहिलाय.”

स्टॉलच्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली नव्हती. समोरून माणसांचा लोंढा चालला होता, माईकवरून कुणाची तरी गाडीची किल्ली सापडल्याचं चौथ्यांदा सांगत होते, बाजूच्या स्टॉलवर घोंगड्या झटकून दाखवताना धूळ उडत होती. तरी ते वाक्य मला नीट ऐकू आलं. माझ्या पुढे चालणाऱ्या मैत्रिणीलाही आलं असावं, कारण ती जागीच थांबली आणि मी तिच्या पाठीवर जाऊन आदळले.

बाईच्या मांडीवर एक गोधडी होती. हिरव्या, जांभळ्या, विटकरी लुगड्यांचे चौकोन, भोवती काळा काठ आणि सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचे धावते टाके. एक कोपरा अजून उघडा होता. त्यातून आतल्या जुन्या साडीची गुलाबी कड दिसत होती.

“झालं!” मागून आमची तिसरी मैत्रीण ओरडली. “चोर बरोबर गोधडीपाशी येऊन थांबला. ओ बाई, माल सांभाळा हो. ही उचलून नेत असती.”

पुढची मागे वळली नाही. “हाव,” ती म्हणाली, “लई दिवस झाले एखादी उचलून. हात शिवशिवून राहिलेत.”

स्टॉलवरच्या बाया हसल्या. त्या दोघी हसल्या. मीही हसले. या विनोदाला मी पाच वर्षं हसत आले होते.

आम्ही तिघी पाच वर्षांपूर्वी लातूरला मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये भेटलो. बारावीनंतर डॉक्टर व्हायचं म्हणून क्लास लावलेल्या मुली. एका खोलीत तीन खाटा, तीन टेबलं, भिंतीवर तीन वेळापत्रकं. तिथं मुलींना गावावरून हाक मारायची पद्धत होती. त्यामुळे एक उदगीर, एक कंधार आणि मी नांदेड. तिघींपैकी कुणीच डॉक्टर झालं नाही. उदगीर एका लॅबमध्ये रक्त तपासते, मी एम.एस्सी. करते आहे, कंधारनं नर्सिंग केलं. लातूर मात्र सुटलं नाही. हॉस्टेल सोडून आम्ही तिघींनी मिळून एक खोली घेतली आणि हाका त्याच राहिल्या.

आता कंधारला हैदराबादच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. सोमवारी ती जाणार होती. त्याआधी एक दिवस तिघींनी कुठंतरी जायचं ठरलं, तेव्हा नांदेडच्या या हस्तकलेच्या जत्रेचं नाव तिनंच काढलं. “तिथं लांबलांबच्या बाया येतात म्हणे गोधड्या घेऊन,” ती म्हणाली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. मी सहसा काही बोलत नाहीच. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठी असली तरी चार माणसांत बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. कधी बोललेच तर उदगीर म्हणते, “काय गं, बातम्या देऊन राहिलीस का?” त्यामुळे गप्प बसायची सवय लागली. लोक या गप्प बसण्याला चांगला स्वभाव म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

सकाळी साडेसहाची एसटी होती. खिडकीची काच बसत नव्हती, अहमदपूरपर्यंत थंड वारा मानेवर येत राहिला. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत धपाट्यांचा डबा. स्टीलचा, गोल, झाकणावर फुलाची नक्षी असलेला. त्या दोघींना वाटतं तो मम्मीनं दिलेला आहे.

तो डबा गोधडीच्या बदल्यात आलेला आहे. हे तेव्हा फक्त मला माहीत होतं.

गोधडी माझ्या मावशीनं शिवली होती. मम्मीची थोरली बहीण, देगलूरकडच्या एका खेड्यात राहायची. मी लातूरला जाणार म्हटल्यावर तिनं दोन महिने बसून ती शिवली आणि शेवटचा कोपरा उघडा ठेवून, स्वतः बसनं नांदेडला घेऊन आली. त्यांच्याकडची रीतच तशी. गोधडी पुरी करायच्या आधी, जो ती पांघरणार त्याच्या तोंडचा एक घास आत ठेवायचा, चिमूटभर हळद टाकायची आणि मग कोपरा शिवून टाकायचा. नाहीतर गोधडी उपाशी राहते. उपाशी गोधडी अंगावर नीट बसत नाही, सारखी घसरते, असं मावशीचं म्हणणं.

ती आली तेव्हा मी सोफ्यावर बसून चहाबरोबर क्रीमचं बिस्कीट खात होते, हातात फोन. तिनं हात पुढे केला. “दे गं, तुझ्या तोंडचा घास दे.” मला ते सगळं लाजिरवाणं वाटलं. आत जाऊन भाकरी आणायची, ती खायची, मग उरलेली द्यायची, कुणी बघितलं तर काय. मी हातातलं अर्धं बिस्कीट तिच्या तळहातावर ठेवलं. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. “दिलास ना, मग हाच घास,” म्हणाली आणि बिस्कीट ठेवून कोपरा शिवला. शिवताना माझ्याकडे बघून मान हलवत होती, लहान पोरानं खोडी काढल्यावर हलवतात तशी.

लातूरला गेल्यावर पंधरा दिवसांत मुंग्या आल्या. भिंतीवरून, खाटेच्या पायावरून, सरळ गोधडीच्या त्या कोपऱ्यात. उदगीरनंच ते शोधून काढलं. कोपरा चाचपून ती इतकी हसली की शेजारच्या खोल्यांतल्या मुली आल्या. “हिच्या गोधडीत डबा हाय गं! रात्री भूक लागली की कोपरा चावायचा!” त्या रीतीबद्दल मी त्यांना सांगितलं ते तेव्हाच, थोडक्यात, जणू ती दुसऱ्या कुणाचीतरी गोष्ट असावी. कंधार तेवढी हसली नाही. तिच्या आजीकडे असं काहीतरी करत असत, ती म्हणाली. पण पुढचे कितीतरी दिवस मेसमध्ये, जिन्यात, कुणी ना कुणी विचारायचं: आज गोधडीत काय भाजी आहे? चेष्टाच होती ती. दुसरी एखादी मुलगी उलट बोलून मोकळी झाली असती. मी हसायचे आणि रात्री ती गोधडी पायाशी गुंडाळून ठेवून शाल पांघरायचे.

थंडीत कंधारला ताप आला. तिच्याकडे एक पातळ सोलापुरी चादर होती, म्हणून मी तिला गोधडी दिली. चार दिवस ती त्या गोधडीत होती. ताप उतरल्यावर रविवारी सकाळी तिनं ती धुतली आणि गच्चीच्या कठड्यावर वाळत घातली. दुपारी मी पुस्तक घेऊन वर गेले. मागच्या गल्लीत भांडेवाली आली होती, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, डोक्यावर टोपली, ओरडत. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. ठरवलेलं काही नव्हतं. मी ती गोधडी काढली, मागच्या जिन्यानं खाली गेले आणि तिच्यापुढे ठेवली.

“गोधडी कोण घेतंय बाई,” ती म्हणाली. मग तिनं उलटून बघितली. नवी होती. “बरं,” म्हणाली आणि मला हा डबा दिला.

संध्याकाळी कंधार गोधडी आणायला वर गेली आणि तशीच धावत खाली आली. ताप नुकताच उतरलेला, पायात चप्पल नाही. ती गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आली. लोकांच्या गच्च्यांवर चढली. नालीत वाकून बघितलं. मी तिच्याबरोबर फिरत होते. मीही वाकून बघत होते. रात्री ती माझ्या खाटेवर बसून रडली. “मी दगड ठेवायला पायजे होता गं वर. वाऱ्यानं गेली.” मी म्हणाले, “जाऊ दे.” मला वाटलं, उद्या सांगू.

तीन आठवड्यांनी मावशी गेली. साखर वाढली होती, कुणाला कळलं नाही. दहाव्यानंतर मम्मीनं फोनवर विचारलं, “ती गोधडी नीट आहे ना? पुढच्या वेळी येताना घेऊन ये. तिच्या हातचं आता एवढंच राहिलं.” तेव्हा मी म्हणाले, “मैत्रिणीनं गच्चीवर वाळत घातली होती. हरवली.” वाक्याचा पहिला भाग खरा होता.

मम्मी हॉस्टेलवर एकदाच आली. कंधार तिच्या पाया पडायला पुढे झाली. मम्मीनं पाय मागे घेतले नाहीत, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. एवढंच म्हणाली, “दुसऱ्याची वस्तू जपावी गं.” कंधारनं मान हलवली. मी सामान आवरत होते.

चोर हे नाव उदगीरनं त्यानंतर पाडलं, आणि मला वाटतं चांगल्या मनानंच पाडलं. दुखणारी गोष्ट हसण्यावारी नेली की संपते, अशी तिची समजूत आहे. कंधारनंही ते नाव पदरात घेतलं. तिनं हसून उत्तर दिलं की उदगीर खूश व्हायची. मी मात्र दर वेळी कंधारच्या हातांकडे बघायचे. ती हसायची तेव्हा तिचे हात हसत नसत.

जत्रेतही तसंच झालं. ती गोधडीच्या उघड्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मागून धक्के बसत होते. एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन “चला चला ताई, रस्ता द्या” करत होता.

“तुम्ही व्हा पुढं,” कंधार म्हणाली. “मी आले.”

“काहून? घेऊन राहिलीस का काय?” उदगीरनं विचारलं.

“न्हाई गं. टाके बघते.”

आम्ही पुढे ढकलल्या गेलो. बांबूच्या टोपल्या, आरशांचं बंजारा भरतकाम, मातीच्या पणत्या, कुरडया-पापडांची पाकिटं. फोटो काढण्यासाठी एक रंगवलेली पुठ्ठ्याची बैलगाडी ठेवली होती आणि तिच्यापुढे रांग होती. एका स्टॉलवरच्या म्हाताऱ्यानं मला लाकडी चमचा दाखवला. मी नको म्हणायला शब्द जुळवत होते तोवर त्यानं तो कागदात गुंडाळला आणि मी घेतला. एरवी उदगीरनं यावरून दिवसभर छळलं असतं. आज ती काही बोलली नाही. तिथंच मला शंका आली.

मंडपाच्या मागे, जनरेटरच्या बाजूला, सतरंज्यांच्या गुंडाळ्या पडल्या होत्या. आम्ही त्यावर बसलो. जनरेटरच्या आवाजानं अंगात बारीक थरथर होत होती. आकाश सकाळपासून राखेच्या रंगाचं होतं, ऊन पडतच नव्हतं.

“एक सांगू?” उदगीर म्हणाली. “मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. ती तुझ्यासाठी गोधडी घ्यायला आली आहे.”

मी लाकडी चमच्यावरचा कागद पुन्हा घट्ट गुंडाळला.

“त्या एका गोष्टीसाठी जत्रा. मला म्हणाली, हैदराबादला जायच्या आधी नांदेडची गोधडी द्यायची, न्हाईतर माझ्यानं जाववणार न्हाई.” तिनं पायातली चप्पल काढून तळव्यातला खडा झटकला. “मी म्हणलं, अगं वारा होता तो, तुझा काय दोष? तर म्हणती, दगड माझ्या हातानं ठेवायचा राहिला. पाच वर्षं झाली, नांदेड. तू बघितलं नाहीस का, ती रुमाल वाळत घालते तरी त्याला चार चिमटे लावती.”

बघितलं होतं. आमच्या खोलीच्या गच्चीवर तिच्या कपड्यांची दोरी लांबूनही ओळखू येते. ओढणीला सात-आठ चिमटे. पलंगपोसाला तर ती चिमटे लावून वर दोरी बांधते. पावसाळ्यात चिमटे गंजून कपड्यांना डाग पडतात, ते ती लिंबू लावून घासत बसते. मी ते बघते आणि आत येऊन पुस्तक उघडते.

“आणि तुझं म्हणशील तर,” उदगीर म्हणाली, “तू तिला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. ती सगळ्यांना सांगत असती ते. नांदेड लई मोठ्या मनाची हाय. एक चकार शब्द काढला न्हाई म्हणे.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. उदगीरला तरी. मी तोंड उघडलंही. पण त्याच वेळी फोन वाजला. मम्मीचा होता.

“नांदेडात आलीस आणि घरी येणार नाहीस?”

“वेळ नाही गं मम्मी. साडेचारची गाडी आहे.”

“कोण कोण आहे?”

मी सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“ती पण आहे का? बरं. मग राहू दे.”

उदगीर माझ्याकडे बघत होती. “आंटी बोलवत होत्या ना? चल की जाऊ. जाताजाता चहा घेऊ.”

“घरी कुणी नाहीय,” मी म्हणाले.

हे किती सहज येतं. खरं बोलायचं म्हटलं की शब्द जुळवावे लागतात, आणि हे असं तयारच असतं, कपाटात घडी घालून ठेवल्यासारखं. मला माझाच कंटाळा आला. त्या सतरंजीवर तसंच बसून राहावं, जत्रा उठून जावी, मंडपवाल्यांनी येऊन सतरंज्यांबरोबर मलाही गाडीत टाकून घेऊन जावं, असं काहीतरी वाटत होतं. उदगीरनं मला उठवलं. कंधारचा फोन आला होता: दोघी इकडं या, आणि येताना डबा आणा.

स्टॉलवर ती बायांच्या बाजूला, तरटावर मांडी घालून बसली होती. हिरवी-जांभळी गोधडी आता तिच्या मांडीवर होती. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. परीक्षेचा निकाल चांगला लागला तर कसा दिसला असता, तसा.

“बस,” ती मला म्हणाली. “इथं, माझ्यापाशी.”

मी बसले. उदगीर उभीच राहिली, फोनवर फोटो काढायच्या तयारीत.

“ही तुझी,” कंधार म्हणाली. “मावशीच्या हातची न्हाई. तशी येणार पण न्हाई. पण ही उपाशी होती म्हणून मी मुद्दाम हीच घेतली. कोपरा मी यांना शिवू दिला न्हाई. तुझा घास पायजे ना.” मग बाईकडे वळून म्हणाली, “हिच्या मावशीनं हिला अशीच शिवून दिली होती, काकू. माझ्या हातनं गेली ती.”

“जातंय बाई, वस्तूच हाय ती,” बाई म्हणाली. तिच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि सुईत दोरा ओवून तयार होता. “काय आणलंय खायला?”

कंधारनं माझ्या पिशवीतून डबा काढला. पाच वर्षांत तिनं तो किती वेळा हातात घेतला असेल. घासला होता, भरला होता, तापात मी पडले तेव्हा त्यातून मला पेज आणली होती. तिनं झाकण काढून डबा बाईपुढे धरला.

“धपाटे? ह्ये न्हाई चालत माय,” बाई म्हणाली. “तेलकट हायत. घास कोरडा लागतो. भाकर तव्यावर कडक करायची, पार खुळखुळ वाजली पायजे, मंग घालायची. तेलाचं, गोडाचं घातलं की मुंग्या आल्याच म्हणून समज. आमच्यात कुणी घालतच न्हाई.”

“हिच्या गोधडीत आल्या होत्या की मुंग्या!” उदगीर वरून म्हणाली. “काय घातलं होतं गं मावशीनं तुझ्या?”

मावशी बिस्किटाकडे बघत राहिली होती तो क्षण मला आठवला. तिला माहीत होतं. मुंग्या येणार हे तिला पक्कं माहीत होतं. एवढी म्हातारी होत आलेली बाई, शेकडो गोधड्या शिवलेली. पण मागून घेतलेल्या घासाला नको कसं म्हणायचं, म्हणून तिनं तो आत ठेवला आणि हसली. मी मात्र पाच वर्षं मनातल्या मनात तिलाच दोष देत होते. तिची ती गावंढळ रीत, त्यामुळे मुंग्या, त्यामुळे हसणं, त्यामुळे सगळं. त्या साखळीची पहिली कडी माझ्या हातातलं बिस्कीट होतं, हे मला त्या तरटावर बसल्यावर कळलं.

बाईनं मागे हात घालून स्वतःचं फडकं सोडलं. आत ज्वारीची भाकरी होती, कालची असावी, वाळून कडा उचललेल्या. तिनं चतकोर तोडला आणि ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून आमच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. फुलाच्या नक्षीवर.

“अर्धी खा आणि अर्धी दे,” ती मला म्हणाली. “तोंडची पायजे.”

मी भाकरी उचलली. पुढच्या गर्दीतल्या दोन बायका कौतुकानं बघत थांबल्या होत्या. उदगीर म्हणाली, “नांदेड, इकडं बघ, जरा हस की.” मी चावत राहिले. ज्वारीची चव हळूहळू गोडसर होत गेली. उरलेला तुकडा माझ्या बोटांत होता आणि बाई कोपरा दोन बोटांनी उघडा धरून वाट बघत होती. आत हळद टाकलेली दिसत होती.

कंधार पुढे झुकली आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल अशी म्हणाली, “आता आंटींना सांगशील ना? भरून दिली म्हणून सांग. मी सोमवारी जाते. मला तेवढंच बरं वाटंल.”

तिचे हात गोधडीवर सपाट पसरलेले होते. वारा नव्हता, आम्ही मंडपात होतो, तरी तिनं गोधडीची पलीकडची कड गुडघ्याखाली दाबून धरली होती.

मला वाक्य जुळवायला वेळ मिळाला नाही. मी तो घास आत ठेवला नाही. परत झाकणावर ठेवला.

“घाल की माय,” बाई म्हणाली.

“काय झालं गं?” कंधारनं विचारलं.

माझा आवाज माझ्याच कानाला अनोळखी लागला, आणि अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. पुढे थांबलेल्या त्या दोन बायकांनाही ऐकू गेला असणार. मी म्हणाले, “ती गोधडी तू नाही हरवलीस. वारा पण नव्हता. मी ती गच्चीवरून काढली आणि भांडेवालीला दिली. हा डबा मला तिच्या बदल्यात मिळाला.”